खाल्लेलं स्टेडियम

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, सरकारी पैसा खाण्याची क्रिया जगात फक्त दोन देशांतल्या माणसांना नीट समजते. इतर देशांत तो पैसा चोरला जातो, गहाळ होतो, आणि देश फारच सभ्य असला तर त्याची चौकशी होते. पण घास करून, चावून, वर पाणी पिऊन तो खाल्ला जातो आपल्याकडे आणि नायजेरियात. सदर संशोधन प्रस्तुत लेखकाने कुवेतमधल्या जलीब अल शुयूख या वस्तीत, एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर, हातात तेरा नंबरचा पाना घेऊन, बरीच वर्षं केलं. कुठल्याही विद्यापीठाने त्याबद्दल अद्याप पदवी दिलेली नाही. मी पत्ता बदललेला नाही, हे विद्यापीठांनी ध्यानात घ्यावं.

मी डिश लावणारा. टीव्हीची डिश. इराकशी लढाई संपल्यावर दुसऱ्या वर्षी मी गुहागरहून कुवेतला गेलो तो इलेक्ट्रिशियन म्हणून, पण ज्या दुकानात चिकटलो ते डिशचं निघालं. दुकान एका कुवेतीचं, चालवायचे रत्नागिरीचे हसनभाई. पहिल्या दिवशी हसनभाईंनी मला गच्चीवर नेलं आणि सगळं शास्त्र दोन मिनिटांत सांगितलं.

"ही परात. हा परातीसमोरचा डोळा. वर आकाशात एक डबा टांगलाय, तो बोलतो, परात ऐकते, डोळा खाली टीव्हीला सांगतो. परात केसभर हलली की वर शेकडो मैल चुकलास. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं? मला इतक्या वर्षांत नाय कळलं. पाना धर."

तेव्हा जलीबच्या कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं की खाली कोण राहतं ते डिशच्या तोंडावरून सांगता यायचं. आपल्या लोकांच्या पराती आग्नेयेकडे, इजिप्त-सीरियावाल्यांच्या नैर्ऋत्येकडे. दिवसभर दुसऱ्याच्या देशात राबायचं आणि रात्री परात आपल्या देशाकडे धरायची, असा एकूण प्रकार. त्या परातीत काय पडेल याची जबाबदारी मात्र माझी. सालमियात एका कुवेती आजीबाईंनी मला डिश काढून टाकायला बोलावलं, कारण त्यांचा नवरा दिवसभर कुस्त्या बघायचा. आठवड्याने पुन्हा लावायला बोलावलं, कारण नवरा आता दिवसभर त्यांच्याशी बोलायला लागला होता. मंगफच्या एका इंजिनियरसाहेबांनी मुलीच्या कानावर मराठी पडावं म्हणून मराठी चॅनल लावून घेतलं. मी कौतुकाने विचारलं, "दिसतंय का गं, बाळ?" बाळ म्हणालं, "ओके अंकल, बट कॅन यू रिमूव्ह इट?"

या सगळ्यांत माझी खरी गिऱ्हाइकं दोन. गॉडविन आणि इद्रिस. दोघेही नायजेरियाचे, एकाच कंपनीत, जलीबला एकाच खोलीत राहणारे. गॉडविन दक्षिणेकडचा, ख्रिश्चन, वेल्डर, दारातून आत येताना वाकावं लागे इतका उंच. तरुणपणी तो आपल्या जिल्ह्याच्या संघाचा गोलकीपर होता. इद्रिस उत्तरेचा, मुसलमान, बुटका, कंपनीत स्टोअरकीपर. मदरशात शिकल्यामुळे त्याला अरबी यायचं आणि ते तो इमारतीच्या इजिप्शियन हारिसशी, म्हणजे राखणदाराशी, भांडायला वापरायचा. दोघांचं कशावरही एकमत नव्हतं. एक फुटबॉल सोडला तर. आणि फुटबॉलवर तर अजिबातच नव्हतं.

पहिल्यांदा मी त्यांच्याकडे खेळाचं चॅनल लावायला गेलो, तेव्हाची गोष्ट. मी केबल ओढतोय, घामाघूम झालोय. इद्रिसने खिडकीतून डोकं काढून आपुलकीने विचारलं, "मिस्टर डिश, यू डोन चॉप?"

चॉप म्हणजे कापणे, एवढं इंग्रजी मला येत होतं. मी म्हटलं, "येस, टू मीटर."

इद्रिसने गॉडविनकडे पाहिलं. गॉडविनने माझ्या पोटाकडे पाहिलं. "दोन मीटर?"

"अजून दीड मीटर कापावी लागेल," मी म्हटलं.

दोघे खिडकीच्या चौकटीला धरून इतके हसले की खालून हारिस ओरडला. मग उलगडा झाला. त्यांच्याकडच्या इंग्रजीत डोन म्हणजे झालं आणि चॉप म्हणजे जेवणे. मी जेवलो का, हे तो विचारत होता, आणि मी साडेतीन मीटर जेवणार होतो.

त्या दिवशी त्यांनी मला जेवायला बसवलं. टीव्हीवर त्यांच्या देशाचा सामना लागला. तिसऱ्या मिनिटाला समोरच्यांनी गोल केला. इद्रिस ताटावरून उठला आणि म्हणाला, "मिनिस्टर डोन चॉप द मनी!"

मी घास हातात धरून बसलो. मंत्र्याने पैसे खाल्ले! अगदी आपल्यासारखे! मला परदेशात नातेवाईक भेटल्यासारखं झालं. मी घाईघाईने सांगितलं की आमच्या गावी नळपाणी योजना आली होती. पाइप आले, ते चॉप. टाकी आली, तीही चॉप. सरपंचाने अख्खी टाकी चॉप केली, आता तो विहिरीवरून पाणी भरणाऱ्या बायकांना रामराम करतो. दोघांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. दुसऱ्या दिवशी हीच गोष्ट मी दुकानातल्या फिलिपिनो सेल्समनला सांगितली, तर तो काळजीने म्हणाला, "टाकी खाल्ली? मग हॉस्पिटलात नेलं का?" म्हणून म्हणतो, फक्त दोन देश.

पुढे सामना असला की मी हजर. निमित्त डिश तपासायचं. तोझ सुटलेला असायचा, म्हणजे कुवेतचं धुळीचं वादळ, आणि परात वाऱ्याने फिरायची. मी वर जाऊन ती जागेवर आणायचो आणि खाली येऊन बसायचो. मला फुटबॉल कळत नव्हता, पण तिथे फुटबॉलची चर्चा व्हायचीच कुठे? गोल कुठल्याही पायाने खाल्लेला असो, तीन मिनिटांत गोष्ट मंत्र्यापर्यंत पोचायची.

"गोलकीपर चुकीच्या बाजूला पडला, यात मंत्र्याचा काय दोष?" मी एकदा विचारलं.

"तो पडलाच नाही!" इद्रिस म्हणाला. "पडायला घाबरला. लहानपणी कधी गवतावर पडलाय तो? आमच्याकडे मैदानाला गवत आहे? गवताचे पैसे कुणी चॉप केले?"

"सगळं तसं नसतं," गॉडविन म्हणायचा. तो भला माणूस होता. त्याला आशा ठेवायची सवय होती. त्यांच्याकडे लष्कराचं राज्य जाऊन निवडून आलेलं सरकार आलं, तेव्हा त्याने खोलीत केक आणला होता. "आता मतं मागायला येतील ते. विचारता येईल. जरा वेळ द्या."

"लष्करवाले होते तेव्हा एक माणूस खायचा," इद्रिस केक खात म्हणाला. "आता पंगत बसेल." त्याने पार्टी म्हटलं होतं, पंगत माझी. "आणि पंगतीत वाढपीसुद्धा जेवतात."

हे सगळं ऐकताना मला मजा वाटायची, हे कबूल करतो. दुसऱ्याच्या देशाची दुर्दशा ऐकताना आपल्या देशाची जरा कमी लागते. पण गॉडविन त्यात का चिडत नाही, ते मला उशिरा कळलं. त्याचं स्वतःचं काहीतरी त्या सरकारकडे अडकलं होतं.

त्याचे वडील पोस्टमन होते, निवृत्त झालेले. गावाबाहेर हमरस्त्याला लागून, घरासमोरच, त्यांची जमीन होती, तिच्यात ते आपल्या सुरणासारखे मोठाले कंद लावायचे. लष्कराच्याच काळात राज्य सरकारची माणसं तिथे स्टेडियमसाठी जागा मागत आली. म्हातारा तयार नव्हता. गॉडविन तेव्हा सुट्टीवर घरी होता. तो तीन संध्याकाळी बापासमोर बसला. "पापा, पोरं डांबरी रस्त्यावर अनवाणी खेळतात. मी तसाच खेळलो, माझे गुडघे बघा. इथे गवत येईल, दिवे येतील. मी म्हणतो म्हणून द्या." म्हातारा म्हणाला, "तू म्हणतोस म्हणून." आणि सही केली.

ही गोष्ट गॉडविनने मला गच्चीवर सांगितली, खाली इद्रिससमोर नाही. "सही त्यांची," तो म्हणाला, "पण जबान माझी."

त्यानंतर दर महिन्याला फोनवर वडील बातमी द्यायचे. पाया खणला. भिंत कमरेइतकी आली. दिव्यांचे खांब आले. गॉडविन फोन ठेवून खोलीला जाहीर करायचा, आणि इद्रिस पान उलटल्यासारखं म्हणायचा, "चॉप."

"म्हणजे माझा बाप खोटं बोलतो?"

इद्रिस मग चहा ठेवायला उठायचा. जगातल्या कुठल्याही मंत्र्याला तो खोटारडा म्हणाला असता, पण कुणाच्या बापाला नाही.

अशी वर्षं गेली. सरकार बदललं, मंत्री बदलले, वाढपीही बदलले असावेत. आणि एका गुरुवारी गॉडविन दुकानात आला तो काउंटरवर दोन्ही हात आपटून म्हणाला, "उद्घाटन! पुढच्या शुक्रवारी! आमचं चॅनल थेट दाखवणार आहे!"

त्यांचं सरकारी चॅनल कुवेतमध्ये आमच्या साध्या परातीला दिसायचं नाही. तो उपग्रह फार पश्चिमेला, इतका खाली की जवळजवळ समोरच्या छपरांना टेकलेला. त्याला माणसापेक्षा उंच जाळीची डिश लागते, आणि मध्ये काहीही आडवं चालत नाही. मी आधी दोनदा त्याला नाही म्हटलं होतं. हसनभाईंनी आताही डोळे वटारले.

"एवढी मोठी जाळी जलीबच्या गच्चीवर? हारिस तंगडी मोडील तुझी."

"हसनभाई, ह्याच्या बापाची जमीन आहे त्यात."

"मग बापाला बघूं दे की. त्याच्या दारातच हाय ना?" मग किल्ली काउंटरवरून सरकवत म्हणाले, "पिकअप घेऊन जा. पण सकाळच्याला परत आण."

गंमत म्हणजे वडीलही हेच म्हणत होते. गॉडविनने फोनवर सांगितलं की एक इंडियन खास डिश लावणार आहे, तर म्हातारा म्हणाला, "कशाला त्याला त्रास? टीव्हीवर नीट कळत नाही. तू येशील तेव्हा बघ." गॉडविन हसून मला म्हणाला, "पोस्टमन ना! हातात मिळाल्याशिवाय विश्वास नाही." मीही हसलो. त्या वाक्यावर जरा थांबायला हवं होतं. पण मला वेगळीच खाज सुटली होती. सबंध कुवेतमध्ये तो उपग्रह पकडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि आता त्यात मी असणार होतो.

सालमियात एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर जुनी जाळीची डिश पडून होती. ती सोडवून आणली. हारिसला इद्रिसने अरबीत पटवलं आणि बिर्याणीने गप्प केलं. बुधवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी गच्चीवर होतो. शेजारच्या इमारतीवर पाण्याच्या दोन टाक्या होत्या आणि माझा उपग्रह नेमका त्यांच्या मागे. दोन्हींच्या मध्ये हातभर फट. खांब दोनदा उंच केला, एकदा सरकवला. मावळतीच्या अंमळ डावीकडे, खाली, आणखी खाली. शुक्रवारी दुपारी त्या फटीतून एक बारीक धागा हाताला लागावा तसा सिग्नल लागला. खाली आलो तर टीव्हीवर बाई बातम्या देत होती आणि तिच्या गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी मोजता येत होता. इतकं स्वच्छ चित्र मी त्याआधी आणि त्यानंतर कुणाच्या घरी लावलं नाही. मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिलो.

खोलीत आम्ही तिघेच. गॉडविनने इस्त्रीचा शर्ट घातला होता, चर्चला घालतो तो. इद्रिसने चहा केला होता.

उद्घाटन सुरू झालं. मंडप, बँड, नाचणाऱ्या बायका, लांबच्या लांब गाड्या. मग फाटक दिसलं. खरंच भव्य फाटक होतं ते. हिरवा-पांढरा रंग, वर कमान, कमानीवर सिमेंटचा मोठा फुटबॉल. दोन्ही बाजूंना रंगवलेली भिंत.

"हे बघ!" गॉडविनने इद्रिसच्या मांडीवर थाप मारली. "भिंत! हे काय आहे मग? भिंत!"

"भिंत आहे," इद्रिस म्हणाला.

मंत्र्याने भाषण केलं, फीत कापली. मग त्याच्यासमोर फाटकात एक नवा कोरा फुटबॉल ठेवला. मंत्र्याने झगा सावरून लाथ घातली. चेंडू फाटकातून आत गेला. टाळ्या झाल्या. आणि कॅमेरा चेंडूच्या मागे आत गेला.

तो कॅमेरावाला नवखा होता, की चेंडू गेला तिकडे आपोआप वळला, की माझ्यासारखाच एखादा कामगार असून त्याला एवढीच संधी मिळाली होती, ते मला कधी कळणार नाही. फाटकाच्या आत काही नव्हतं. रंगवलेली भिंत दोन्ही बाजूंना पंधरा-वीस पावलांवर संपत होती. पुढे कमरेइतकं रान, एका कोपऱ्यात गंजलेल्या सळयांचा ढीग, त्यावर चढलेला वेल. चेंडू रानात दिसेनासा झाला. बँडच्या पोशाखातला एक माणूस तो शोधायला वाकला. आणि त्याच्या मागे, रानाच्या कडेला, पत्र्याचं एक घर आणि घराच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलेला एक म्हातारा, पांढरी बनियन घातलेला, उद्घाटनाच्या गर्दीकडे बघत.

चित्र मंडपाकडे परतलं. सगळं मिळून आठ-दहा सेकंद असतील.

गॉडविन म्हणाला, "आमचं घर."

मी आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात म्हणालो, की तोझ सुटावा. टाकी आडवी यावी. वीज जावी. माणूस आपल्या कामाच्या जोरावर दुसऱ्याचं घर उजळतो असं आम्ही डिशवाले बोलायचो. मी दोन संध्याकाळी गच्चीवर खपलो नसतो तर ते स्टेडियम आणखी काही वर्षं उभं राहिलं असतं, दिव्यांच्या खांबांसकट.

इद्रिस जिंकला होता. इतकी वर्षं जे एका शब्दात म्हणत आला, ते आता जगातलं सर्वांत स्वच्छ चित्र होऊन समोर आलं होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. मला वाटलं, आता हा तो शब्द उच्चारणार. त्याने चहाचा कप उचलला, पुन्हा ठेवला.

"दारातून दिसतं त्यांना," गॉडविन हळूच म्हणाला. "रोज दिसत होतं. खुर्ची तिथेच असते." मग, "खांबांची उंचीसुद्धा सांगितली होती मला."

मुलाच्या शब्दावर जमीन दिलेल्या बापाने, मुलाला तो शब्द लागू नये म्हणून दर महिन्याला फोनवरून विटेवर वीट चढवली होती. सरकारने बांधलं नाही ते स्टेडियम एका पोस्टमनने एकट्याने बांधलं होतं.

तेवढ्यात गॉडविनचा मोबाइल वाजला. बहिणीचा नंबर. पण बोलत होता म्हातारा. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवलेला, फोनवर मोठ्याने आणि शुद्ध इंग्रजीत बोलणारा. खोलीभर ऐकू येत होतं.

"गॉडविन? मुला? कार्यक्रम झाला. तिकडे दिसला का?"

गॉडविनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गॉडविन? दाखवलं का त्यांनी? काय काय दिसलं?" आता त्या आवाजात जे होतं ते मला कुठल्याही भाषेत कळलं असतं. म्हातारा घाबरला होता.

गॉडविन फोन कानाशी धरून टीव्हीकडे बघत होता. खरं सांगितलं तर बाप खोटा पडणार, खोटं सांगायला तोंड उघडत नव्हतं. पलीकडून पुन्हा, "मुला, ऐकतोयस ना?"

इद्रिस उठला. त्याने गॉडविनच्या हातातून फोन काढून घेतला आणि मी, माझं ते मण्या-मण्याचं चित्र आणि माझा पाना असे सगळे समोर असताना, माझ्याकडे बोट दाखवून जिवाच्या आकांताने ओरडला:

"पापा, इथे काहीच दिसलं नाही! या इंडियनने डिश वाकडी लावलीय!"